रिळात घातलेलं खोबरेल

माझ्या सासऱ्यांनी आपली होडी शिमग्याला जाळायला द्यायचं कबूल केलं तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. साल एक्क्याण्णव, मार्गशीर्ष महिना. शिमग्याला अजून तीन महिने होते, पण आमच्या कोपरीच्या होळीचं सगळं मारुती बघायचा आणि त्याला प्रत्येक गोष्टीची घाई.

"काका, होडी मीठबंदरावर नुसती पालथी पडलीय. कुजण्यापेक्षा होळीत गेली तर तेवढंच पुण्य," तो म्हणाला.

बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला दीड वर्ष झालं होतं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. बोटं थोडी हलायची, तेवढंच. चाळीस वर्षं जाळं फेकलेला माणूस दिवसभर दारात बसून कावळे मोजायचा.

"नेशील रं," बाबा म्हणाले. "पन शिमग्यापर्यंत थांब. तवर माज्या हातानं एक जिताडा नाय काढला, तर पयली कुऱ्हाड मीच मारीन."

"एका हातानं जाळं फेकणार, काका?"

"जाल्याचं नाव कोन घेतो?"

जाळ्याचं नव्हतंच. बाळकुमला ज्या कंपनीत आमचे हे कामाला होते, तिथले एक बंगाली साहेब बदली होऊन कलकत्त्याला निघाले होते. त्यांना रविवारी तळ्यावर गळ टाकून बसायचा नाद. सामान आवरताना त्यांनी ह्यांच्यापुढे दोन काठ्या ठेवल्या आणि म्हणाले, एक घेऊन जा. एक जाड, आखूड, ताठ. दुसरी बारीक, शेंडा नुसता फुंकरीनं हलेल अशी. ह्यांनी बिनदिक्कत जाड उचलली. "जिताडा काय बोंबील आहे? जाडच पाहिजे," असं म्हणाले आणि बाबांनीही मान डोलावली. काठीबरोबर एक रीळ मिळालं, त्यावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला.

ह्यांची पाळी बदलती, बाबांच्या बोटांना स्क्रू धरवत नाही, म्हणून रिळाची निगा माझ्याकडे आली. साहेबांनी ह्यांना सांगितलं होतं की खाडीचं पाणी लोखंड खातं, रोज गोड्या पाण्यानं पुसायचं आणि तेल द्यायचं. कुठलं तेल, ते ह्यांनी विचारलं नाही. मीही नाही. घरात माझ्या भरवशाचं तेल एकच, समईतलं खोबरेल. सकाळी दिवा लावायचा, माळ ओढायची आणि मग त्याच बाटलीतलं तेल रिळात सोडायचं, असा माझा क्रम ठरून गेला. एक दिवस चुकवला नाही. उपासाच्या दिवशी तर दोन थेंब जास्त.

पौषात थंडी पडली. एका सकाळी भरतीच्या वेळी आम्ही तिघं मीठबंदरावर गेलो. डाव्या हातात काठी, उजव्या हाताची दोन बोटं रिळाच्या मुठीवर, असे बाबा उभे होते. गळाला जिवंत कोलंबी लावली होती. अर्धा तास काही नाही. मग पाण्यात थाळी आपटावी तसा आवाज झाला आणि काठीला हिसका बसला.

"जिताडाच हाय!" बाबा ओरडले. "फिरव, फिरव!" हे ते स्वतःच्याच हाताला सांगत होते. मूठ फिरली नाही. तंगूसही सुटत नव्हता. बाबांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. एवढ्यात तंगूस तुटल्याचा आवाज आला, आणि काठी हलकी झाली.

बाबा पाण्याकडे बघत नव्हते. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

"मेलेला हात," एवढंच म्हणाले.

घरी येऊन त्यांनी काठी दाराआडच्या खुंटीला टांगायला लावली. मारुती रस्त्यात भेटला तर म्हणाले, "होडी उद्या नेलीस तरी चालंल." तो बिचारा म्हणाला, शिमग्यापर्यंत ठेवायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी समईत तेल घालायला मी बाटली उपडी केली आणि थेंब पडेना. तेल पांढरं, घट्ट झालं होतं. दर थंडीत होतं, मी दर थंडीत बाटली चुलीजवळ ठेवते. त्या दिवशी बाटली हातातच राहिली. महिनाभर मी त्या रिळाच्या पोटात काय ओतत होते, ते मला तेव्हा कळलं.

दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. माळ ओढताना मणी पुढे जात आणि मन दाराआडच्या खुंटीवर. तिसऱ्या दिवशी रीळ काढलं, ओट्यावर उन्हात ठेवलं आणि तासाभरानं बाबांसमोर बसले.

"बाबा, मासा तुमच्या हातानं नाही गेला."

"मोट्यानं बोल गो. का माजा कान पन गेला?"

"माझ्या तेलानं गेला. मी ह्यात खोबरेल घालत होते. थंडीनं आत गोठलं. आता फिरवून बघा."

बाबांनी उजव्या हाताची दोन बोटं मुठीवर ठेवली. मूठ फिरली. सावकाश, कुरकुरत, पण फिरली. त्यांनी परत फिरवली. मग कितीतरी वेळ फिरवतच राहिले. मी खाली बघत होते. आता बोलणी बसणार, आणि बसायलाच हवीत.

"देवाच्या दिव्यातलं तेल?"

"हो."

"म्हंजे देवानंच जिताडा वाचवला. माजा हात उगाच शिव्या खातो हाय." आणि ते हसले. वारं गेल्यापासून असं पोट हलवून हसलेले मी पाहिले नव्हते. "जा. आता ह्याला मानसाचं तेल बग."

त्याच दिवशी मी जाड काठी जुन्या लुगड्यात गुंडाळली, पिशवीत रीळ घेतलं आणि बसनं बाळकुमला गेले. परक्या पुरुषाशी बोलायची मला सवय नाही. पण साहेबांचं जाणं महिनाभर लांबलं होतं, आता खोकी बांधून झाली होती, आठ दिवसांत ते जाणार होते. थांबून चालणार नव्हतं. मी झालं ते सगळं सांगितलं. साहेबांनी रीळ नाकाशी नेऊन हुंगलं.

"नारळाची बर्फी केली, भाभी," ते म्हणाले.

मग त्यांनी वर्तमानपत्र पसरून रीळ उघडलं. प्रत्येक भाग निघेल तसा ओळीनं ठेवायचा, म्हणजे परत लावताना उलट ओळीनं उचलता येतो. आधी रॉकेलनं धुवायचं, मग शिलाई मशीनचं तेल, तेही एकेक थेंब. पुढच्या चकत्यांना मात्र तेल अजिबात नाही. त्या चकत्यांवर एक चावी होती. ती सैल केली की मासा ओढेल तसा तंगूस सुटत जातो, घट्ट केली की धरून राहतो. घरी आल्यावर ती चावी नेहमी सैल करून ठेवायची, नाहीतर चकत्या दबून बसतात.

"तुमच्या सासऱ्यांचा कुठला हात गेला?"

"उजवा."

त्यांनी मूठ उलटी फिरवून काढली आणि रिळाच्या डाव्या बाजूला बसवून दिली. एवढं सोपं होतं. मग जाड काठी बाजूला सारून बारीक माझ्या हातात दिली. "मासा भांडतो ताठ काठीशी. जी वाकते, तिच्याशी भांडून तो थकतो."

बारीक काठी बघून बाबांनी तोंड वाकडं केलं. "ह्यानं काय, वाल खुडायचे?" पण काठीचा बुंधा उजव्या काखेत धरून वर लुगड्याची पट्टी बांधली, डाव्या हातानं मूठ फिरवली, तेव्हा तोंड सरळ झालं. अडचण चावीची होती. त्यांचा हात सारखा चावी आवळायला जायचा. जन्मभर जे हाताला लागलं ते घट्ट धरलेलं, सोडायचं कसं?

म्हणून मी मासा झाले. हाताला रुमाल गुंडाळून त्यावर तंगुसाचं टोक बांधलं आणि गल्लीत चालत सुटले. बाबा ओट्यावर काठी घेऊन बसलेले. ते आवळायचे, मी ओढायची, तंगूस ताणायचा.

"सोडा बाबा, सोडा. मासा पळतोय."

"मासा लई हळू बोलतो गो!"

समोरची शकू, जिच्या मशीनचं तेल मी आणलं होतं, पोरांना गोळा करून दारात उभी. "सगुणाताई, आज गळाला लागल्या वाटतं? दामाजीकाका, हिला शिजवू नका हां, आज सोमवार आहे!" गल्ली हसली. मला घाम फुटला, पण मी दत्ताच्या देवळापर्यंत पळाले आणि तंगूस कुरकुर करत सुटत गेला. बाबांनी सोडलं होतं. मी थांबले, तसं त्यांनी हळूहळू गुंडाळून मला परत ओट्याशी आणलं. असं आम्ही महिनाभर केलं.

फाल्गुनात, शिमग्याला चार दिवस असताना, सकाळच्या भरतीला थाळी आपटल्याचा तोच आवाज आला. हे पाळीवर होते, बंदरावर आम्ही दोघंच. काठी अर्धी वाकली. बाबांचा डावा हात चावीकडे गेला. माझे ओठ हलत होते, पण ते 'सोडा' म्हणायला नाही, जपासाठी. हात चावीपाशी थांबला आणि मागे आला. तंगूस कुरकुरत सुटला, पार पाण्यातल्या खांबापलीकडे गेला. मासा थांबला, बाबांनी गुंडाळलं. तो पळाला, बाबांनी सोडलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मी गुडघाभर चिखलात उतरले आणि टोपली माशाखाली सरकवली.

जिताडा दीड किलोही नव्हता.

"येवढाच?" चिखलातून मी बोलून गेले.

"किती मोटा पायजे, ते बोललो नव्हतो," बाबा म्हणाले. काखेतली पट्टी सोडायचंही त्यांना भान नव्हतं.

त्या दिवशी एकादशी होती, मला उपास. मी मासा शिजवला आणि मीठ अंदाजानंच घातलं. जेवताना बाबा म्हणाले, मीठ बरोबर हाय, आणि डोक्या-शेपटीसकट सगळा संपवला.

संध्याकाळी मारुती पोरं आणि दोरखंड घेऊन दारात आला. बाबा त्याच्याबरोबर आधाराची काठी टेकत बंदरावर निघाले, मी मागून.

"सुलटी करा," बाबा म्हणाले.

पोरांनी होडी सुलटी केली. तळाला दोन फळ्या कुजल्या होत्या. बाबांनी वाकून बोटानं टोकरून पाहिलं, मग पलीकडे रचलेल्या होळीच्या लाकडांकडे नजर टाकली.

"मारुती, त्या ढिगात सागाच्या फल्या दिसतान. दोन मना दे."

"काका! होळीतलं लाकूड कोणी परत मागतं का?"

"पेटली नाय अजून. आन हे बग, मना खिल्यावर हातोडा मारायला एकच हात हाय, दुसऱ्यानं धरायला तू ये उद्या सकालच्याला."

मारुतीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सातला ये. चहा ठेवते."