पाय फुटलेली पिल्लं

दगडाबाईच्या नादी कोणी लागत नसे. नवरा आश्रुबा गेल्यापासून चार एकर रान, एक बैलजोडी आणि पायऱ्यांची विहीर ती एकटी सांभाळत होती. बांधावरून कोणी आगाऊपणा केला तर विळा हातात ठेवूनच त्याच्याशी बोलत होती. अशी बाई शहाऐंशी साली बेडकांसाठी भांडायला उठली, तेव्हा बोरी नदीच्या त्या अंगाच्या गावांना हसायला निमित्तच मिळालं. हसणाऱ्यांनी एकदा मुरमाच्या खदानीवर जाऊन बघायला हवं होतं.

ती गेली होती. मृगात दोन सरी पडून खदानीत पाणी साचलं की मोठे पिवळे बेडूक तिथे जमत. तिचा धाकटा दीर बन्सीधर याने शहरातल्या एका व्यापाऱ्याशी संधान बांधलं होतं. बेडकाच्या तंगड्या म्हणे विलायतेत आवडीने खातात. त्याने रोजावर लावलेली गावातलीच माणसं काठ्यांनी बेडूक झोडपत, विळीवर कमरेतून कापत, तंगड्या पोत्यांत भरून बर्फाच्या पेटीत टाकत आणि वरचा अर्धा भाग फेकून देत. तो अर्धा भाग लगेच मरत नसे. पुढच्या दोन हातांवर रेटत पाण्याकडे सरकत राही. दगडाबाईने तो ढीग पाहिला आणि बर्फाची पेटी उचलून खडकावर आपटली. बन्सीधरने तिला केसांना धरून खदानीबाहेर ओढलं.

"वैनी, तुमच्या पोटची हायेत का ती?"

"दोन वर्सं झाले, मुगाचं पान ठिवलं न्हाई अळ्यांनी! त्या अळ्या खायाला तुझा व्यापारी येणार हाय का?"

त्याने उत्तर म्हणून तिच्या कानाखाली वाजवली.

मोठे बेडूक संपले, पण कडेच्या पाण्यात साबुदाण्यासारखी अंडी तरंगत होती. पाऊस पुढे सरकेना, खदान आटायला लागली. दगडाबाईने घागरी भरभरून ती अंडी आपल्या विहिरीत नेऊन सोडली. कपारीत लपून वाचलेली एक थोरली बेडकीही पदरात बांधून आणली. अंड्यांतून काळी, शेपटीची पिल्लं निघाली. रोज ती त्यांना शिजवलेली घोळाची भाजी टाकायची. पुढे काहींना पाय फुटले, आणि तीच मरून तरंगायला लागली तेव्हा तिचा जीव खालीवर झाला. पाय आले की पिल्लाला पाण्याबाहेर टेकायला जागा लागते, विहिरीच्या सरळ भिंतीवर ते चढू शकत नाही, हे तिला चार-दोन मेल्यावर कळलं. तिने बाभळीची फांदी तोडून शेवटच्या पायरीपासून पाण्यात सोडली. मग पाय फुटलेली पिल्लं फांदीवरून वर येऊ लागली. अजून पंधरवडाभर कोणी त्यांच्या वाटेला गेलं नाही की गंगेत घोडं न्हालं, असा तिचा हिशेब होता.

पण पाऊस दडी मारून बसला. ज्वारी माना टाकायला लागली. गावाने धोंडी काढायची ठरवली. मुसळाला कडुलिंबाचा पाला आणि जिवंत बेडूक बांधायचा, दोघांच्या खांद्यावर मुसळ घेऊन दारोदार फिरायचं, बायकांनी वरून पाणी ओतायचं, ही तिथली रीत. मुसळ मिळालं, पाला मिळाला, हलगीही आली. बेडूक मात्र अख्ख्या शिवारात मिळेना. मिळेल कसा? सगळा गाव तंगड्या विकून मोकळा झाला होता! तेव्हा कुठे लोकांना दगडाबाईची विहीर आठवली.

हलगी वाजवत सगळे तिच्या रानात घुसले. पुढे बन्सीधर. थोरली बेडकी पायरीवर बसली होती. त्याने वाकून तिचा मागचा पाय पकडला आणि उलटी लोंबकळत वर धरली.

"सोड तिला," दगडाबाई म्हणाली.

"गावासाठी न्यायलोय, वैनी. पाण्याचा सवाल हाय."

"गावानं खदानीत इचार करायचा व्हता. सोड म्हन्ते."

तो हसला आणि सुतळी काढायला लागला. दगडाबाईचा विळा खाली आला. बेडकी पाण्यात पडली, तिच्यामागे बन्सीधरची दोन बोटं पायरीवर. हलगी थांबली. रक्त बघून माणसं पांगली, मुसळ तिथेच टाकून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. हाताला पट्टी, डोळे तांबडे, बगलेत कापसावर फवारायच्या औषधाचा डबा. मागे त्याची बायको कडूबाई धावत होती. तंगड्यांची रक्ताळलेली पोती धुऊन धुऊन तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे साऱ्या भावकीला ठाऊक होतं.

"धनी, पाण्यात ओतू नका हो!"

दगडाबाई आडवी आली. त्याने तिच्या छातीत लाथ घातली. ती पायऱ्यांवरून गडगडत गेली आणि डावा हात मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. वरून डबा रिकामा झाला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. थोरली बेडकी वर आली, दोनदा उलटली आणि पोट वर करून पडली. मग पिल्लं तडफडायला लागली, सगळं पाणी उकळल्यासारखं.

तिने उजवा हात पाण्यात घातला. मूठ वर काढली, डोळ्यांजवळ नेली. ज्यांना पाय होते ती पदरात टाकली. ज्यांना फक्त शेपटी होती त्यांना बाहेर टाकून काय उपयोग? मातीत जगत नव्हती ती. ती तिला पुन्हा विषात सोडावी लागत होती. हाताची कातडी जळत होती, ती मोठ्याने रडत होती, शिव्या देत होती आणि पाय शोधत होती. पाण्यातलं सगळं हलायचं थांबेपर्यंत ती उठली नाही.

पोलिसांची जीप आली तेव्हा ती बांधावरच्या ओलसर खड्ड्यात पदर रिकामा करत होती. मूठभर पिल्लं, काहींना अजून शेपटीचं टोक. सकाळीच बन्सीधरने फिर्याद दिली होती.

"बोटं तूच तोडली का?" हवालदाराने विचारलं.

"म्याच तोडली. यानं पोत्यानं पाय तोडले, तवा कुटं व्हतात तुमी?"

 हवालदाराच्या लेखी बेडकाच्या पायाचा गुन्हा नव्हता. त्याने तिला मोडक्या हातासकट जीपमध्ये बसवलं. जीप सुरू झाली तशी ती बाहेर वाकली.

"कडू, हिरीचं न्हाई, हापशाचं पाणी! सकाळ-सांज शिंपडीत जा खड्ड्यात. पाऊस येईस्तोर!"

बन्सीधर बायकोवर ओरडला, "खबरदार, पाय तोडीन!"

कडूबाईने दगडाबाईची घागर उचलली आणि हापशाकडे चालू लागली.