जावयाला बोलावणं

ही गोष्ट कुणालाही खरी वाटायची नाही. माझ्या सख्ख्या भावाला वाटली नाही, आणि त्याने तर माझ्या आजवरच्या सगळ्या थापा निमूट गिळल्या आहेत. पण ऐकायची असेल तर साहेब, आधी बोटीच्या फळीवर बोटांनी ताल धरणं थांबवा. थांबवा म्हणतो ना! हां. आता सांगतो.

आमचा धंदा तुम्ही बघताच आहात. प्रवासी भरायचे, नदीतून पक्षी, माकडं, पाणमांजरं दाखवत समुद्रापर्यंत न्यायचं आणि पलीकडच्या पांढऱ्या वाळूवर डुंबायला सोडायचं. पण लोकांचं बगळ्यांवर भागत नाही. त्यांना मगर हवी असते, आणि मगर काही आपल्या घरची नोकर नाही. म्हणून मी एका मगरीला सवय लावली. काठीने बोटीच्या बुडाशी ठक ठक ठक करायचं आणि मासळीचं डोकं फेकायचं. पुढे पुढे ठोके ऐकले की स्वारी हजर! आम्ही नाव ठेवलं जावई. जेवायच्या वेळेला अचूक यायचा, बाकी दिवसभर चिखलात लोळायचा, आणि त्याला काही बोलायची कुणाची टाप नव्हती.

एकदा प्रवाशांना वाळूवर सोडून मी आणि आमची ही, म्हणजे बायको, रिकामी बोट घेऊन परत निघालो. तिकिटं फाडणं, दोर बांधणं आणि मला टोकणं ही तिची खाती. ओहोटी लागली होती. नदीच्या मुखाशीच बोट रुतली. ही खाली उतरली, कमरेएवढ्या पाण्यात, आणि मागून ढकलायला लागली. मी का नाही उतरलो? अहो, सुकाणू कोण धरणार?

पाणी असं गढूळ, की हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसू नयेत. तेवढ्यात आवाज आला. ठक. ठक. ठक.

मी काठीकडे पाहिलं. ती आडवी पडलेली. हिचे दोन्ही हात फळीवर. मग ठोकलं कुणी? पुन्हा ठक, ठक, ठक. तेव्हा दिसलं. बाजूला टांगलेला लोखंडी नांगर लाटेसरशी बुडावर आपटत होता. थेट माझ्या हातासारखा.

झेप घेऊन नांगर धरला, पण बोलावणं गेलं ते गेलंच. समोरच्या काठावर जावयाची जागा रिकामी. चिखलात पोटाचा ओला पट्टा, पार पाण्यापर्यंत. टोपलीत हात घातला तर एक खवला नाही. सगळी मासळी सकाळीच लोकांच्या हौसेपायी संपलेली. वाढायला काही नाही, आणि पाहुणा निघालेला.

ओरडावं, तर ही घाबरून पाय आपटणार, आणि पाण्यात पाय आपटणं म्हणजे ‘पान वाढलंय’ म्हणून सांगणंच.

“वर ये,” मी हळूच म्हणालो.

“आता? अहो, हलतेय ती! जरा काठी लावा, पुतळ्यासारखे काय उभे!”

“ये म्हणतो ना वर.”

“ढकलायला मी, आणि हुकूम सोडायला तुम्ही.”

तिच्या पाठीमागे दोन डोळे वर आले. सुपारीएवढे. हलल्यासारखे दिसत नव्हते, तरी जवळ येत होते. हेच डोळे रोज दाखवून मी टाळ्या घ्यायचो. त्या दिवशी ते माझ्याकडे बघतच नव्हते. हिच्या पाठीकडे बघत होते.

आणि मग ते बुडाले.

साहेब, डोळे दिसतात तोवरची भीती बरी. ते दिसेनासे झाले, आणि पाण्यावर नुसती एक सुरकुती आमच्याकडे सरकायला लागली.

हिने माझं तोंड पाहिलं. मागे वळली नाही. अगदी बारीक आवाजात एवढंच म्हणाली, “आलाय का?”

मग काय! घेतली मी उडी! जावयाच्या मानेवर मांड ठोकली, जबडा काखेत दाबला आणि म्हणालो, “बाबा रे, सासूबाई आहेत तुझ्या, जरा ओळख ठेव!” एका हाताने त्याला रेटला, दुसऱ्या हाताने हिला अलगद उचलून बोटीत ठेवलं, आणि तो बिचारा मान खाली घालून…

“पुरे!” मागे दोर गुंडाळत बसलेली आमची ही कडाडली. “साहेब, उडीबिडी काही नाही. ह्यांना पोहता येत नाही, म्हणून तर मी उतरले होते. माझी एक चप्पल गेली त्याच्या तोंडात, आणि मी आपली मीच बोटीचा काठ धरून वर चढले. हात द्या, हात द्या म्हणून ओरडतेय, तर हे छपराच्या खांबाला मिठी मारून म्हणतात कसे, ‘थांब गं जरा, दोन्ही हात अडकलेत!’”