चहापेटीचं अस्तर

मामीला किल्ली फिरवता येईना.

"अहो, कुलूप धरलंय बघा," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "चहा आत आणि आम्ही बाहेर."

मामा पेपर टाकून उठले. चाळीस वर्षं त्यांनी दुकानात बसून किल्ल्या घडवल्या, लोकांची अडलेली कुलपं उघडली. घरातलं कुलूप धरणं हा त्यांना अपमान वाटला असावा. त्यांनी कुलपात सोडायच्या ग्राफाइटच्या भुकटीची बाटली आणली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, आणि चहापेटीच्या कुलपातली किल्ली दोन बोटांत धरून फिरवली. टक. झाकण सुटलं.

त्यांनी बंद करून पुन्हा फिरवली. टक.

"लोण्यासारखं चालतंय," ते म्हणाले.

"मग माझ्यावरच रुसलंय वाटतं."

मी टेबलाशी बसले होते. मामीचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. तिने तो डाव्या हाताने उचलून ओट्यावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. मामांच्या हातातली बाटली तशीच राहिली. ते अजून कुलपाकडेच बघत होते.

ही पेटी मामांकडे आली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. कुणी गिऱ्हाईक किल्ली करायला म्हणून ती दुकानात टाकून गेलं आणि परत आलंच नाही. मामांनी वर्षभर वाट पाहिली, तोवर किल्ली केली, आणि एवढ्याशा लाकडी पेटीला इतकं सुबक कुलूप कशाला, याचा शोध घेतला. तेव्हा त्यांना कळलं की विलायतेत एके काळी चहा इतका महाग होता, की घरची बाई तो कुलपात ठेवायची आणि किल्ली स्वतःजवळ बाळगायची. मामा खूश झाले. पेटी घरी आणली आणि किल्ली मामीला दिली. मामीने ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. "आमच्याकडे दागिने उघड्यावर आणि चहा कुलपात," असं ती येईल त्याला सांगायची.

त्यानंतर मामांना नादच लागला. आता बाहेरच्या खोलीत फळ्यांवर तेवीस चहापेट्या आहेत. एक लाकडी नासपतीच्या आकाराची आहे, तिचं देठ धरून झाकण उचलायचं. एक काळी, कागदाच्या लगद्याची, शिंपल्याचे तुकडे जडवलेली. एकीत दोन कप्पे आणि मध्ये काचेचं भांडं. त्यांच्या मधूनमधून जुन्या मेणबत्तीदाण्या, अडकित्ते, झाकण हरवलेली अत्तरदाणी. वापरात मात्र पहिलीच पेटी. आणि गंमत म्हणजे मामा स्वतः चहा पीत नाहीत. त्यांना आंबट ढेकर येतात.

"माणूस पेट्या जमवतो चहाच्या आणि पितो गरम पाणी," मामी म्हणायची. "बरं, त्या पाण्याला तरी कुलूप लावा म्हटलं."

पेटी उघडल्यावर मामांनी रविवारचं काम काढलं. सगळा चहा वर्तमानपत्रावर ओतला. पेटीच्या आतून धातूच्या पातळ पत्र्याचं अस्तर होतं. जुन्या बनियनच्या फडक्यावर खडूची भुकटी घेऊन ते अस्तर घासू लागले. पाणी लावायचं नाही, ओल राहिली तर चहाला बुरशी येते, असा त्यांचा नियम. पूर्वी हे वर्षातून एकदा व्हायचं. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केल्यापासून दर रविवारी. हाताला काहीतरी काम हवं.

फडकं काळं झालं. अस्तर आरशासारखं चमकायला लागलं. मामांनी आत एक फुंकर मारली आणि चहा परत भरला.

"तोंड बघून घे त्यात," मामी मला म्हणाली. "तुझ्या मामांनी माझा चेहरा इतका घासला असता, तर मीही चमकले असते."

स्वतःच्याच विनोदावर ती मोकळेपणाने हसली. खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर होता. खालच्या दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेने, निळसर करडी रेघ होती. पेनने आखावी इतकी बारीक.

ती रेघ मी पाठ्यपुस्तकात पाहिली होती. खाली एका ओळीचं स्पष्टीकरण होतं. 

मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आकडा हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, ही तिथली पहिली शिकवण. पण डोकं थांबेना. दोन वर्षांपासून मामीचं पोट दुखतंय. डॉक्टर आधी आम्लपित्त म्हणाले, मग वय म्हणाले, मग म्हणाले, फार मनाला लावून घेऊ नका. चेहरा पांढराफटक. आता मनगट. आणि शेजारी मामा, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ठणठणीत. दोघांना एकच नळ, एकच भांडी, एकाच भिंतींचा रंग. फरक एवढाच, की एक चहा पितं आणि एक पीत नाही. प्रयोगशाळेत अशी तुलना मांडायला आम्हाला महिने लागतात.

दोघं बाहेरच्या खोलीत गेल्यावर मी पेटीत हात घातला. चहा बाजूला करून अस्तराच्या कोपऱ्यात नख दाबलं. नख रुतलं. अशा अस्तराला वापरतात ते कथील इतकं मऊ नसतं. दुकानाच्या एका पावतीमागे ते बोट ओढलं, तर कागदावर करडा ओरखडा उठला.

शिसं. पुस्तकातल्या त्या रेघेखालीही हेच लिहिलं होतं.

आणि तेव्हा मला आठवीतला तो दिवस आठवला. मी शाळेतून आले होते, धातूंचा धडा नुकताच झाला होता. मामा हीच पेटी साफ करत होते, नुसती झटकून. अस्तर मंद करडं होतं. मी ऐटीत म्हणाले होते, "मामा, हा गंजाचा थर आहे. घासून काढला की आतला खरा धातू दिसतो." मामांनी घासलं. आत चकाकी दिसली तेव्हा त्यांनी मला उचलून फिरवलं होतं. "आमची शास्त्रीणबाई!" ते नाव तेव्हापासूनचं.

धडा बरोबर होता. फक्त तो करडा थर म्हणजे शिशाचं पांघरूण असतं, खालच्या धातूला तो धरून ठेवतो, हे आठवीत शिकवत नाहीत. तो घासला की पूड होऊन सुटतो, त्या जागी नवा धरतो. पुढच्या रविवारी तोही घासायचा. पूड चहात.

माझ्या पिशवीत नमुन्याच्या बाटल्या असतातच. एकीत चहा भरत होते, तेवढ्यात मामी दारात.

"काय चोरतेस?"

"चहा."

"मग मागून घे की. घरात चोऱ्या कसल्या!" तिने डाव्या हाताने ओंजळभर चहा काढून माझ्यापुढे धरला. "घे अजून. तळाचा घे, तळाचा भुगा कडक असतो. मी तो वाया घालवत नाही कधी."

 मी बाटली पुढे केली.

"थांब, तुला चहाच टाकते."

"आज नको मामी. मी नवीन पुडा आणलाय, तो करू. करतेच मी."

पुडा मी आणलाच नव्हता; खाली जाऊन वाण्याकडून घेतला. मी केलेला चहा मामीने एक घोट घेऊन खाली ठेवला.

"बेचव आहे गं. पेटीतल्या चहाला गोडी असते. साखरसुद्धा कमी लागते."

शिशाचे काही क्षार गोड असतात. इतक्या कमी प्रमाणात ते जिभेला कळतं का, मला ठाऊक नाही. पण ते वाक्य मला नंतर कितीतरी दिवस ऐकू येत होतं.

"आठवडाभर हाच घे," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

"बरं बाई. तू म्हणशील ते."

निघताना मी पेटीला कुलूप लावून किल्ली दोऱ्यासकट माझ्या खिशात टाकली. मामीने गळा चाचपला आणि हसून सोडून दिलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वरिष्ठ बाईंची परवानगी काढून मी नमुना यंत्रावर लावला. त्या कधी कशावर शेरा मारत नाहीत. पडद्यावरचा आकडा बघून त्यांनी विचारलं, "कुठल्या कारखान्याचा आहे?"

"घरचा आहे."

त्यांनी चष्मा काढला. "रक्त तपासायला सांग. आजच्या आज."

मंगळवारी मी मामांना बाहेरच्या खोलीत गाठलं. फळीजवळ उभं राहूनच सगळं सांगितलं. ते नासपतीच्या पेटीवरची नसलेली धूळ अंगठ्याने पुसत राहिले.

"सगळ्या पेट्या?" शेवटी त्यांनी विचारलं.

"शिशाचं अस्तर काहींना असेल. पण चहा एकीतच होता."

"म्हणजे तिची."

"हो."

स्वयंपाकघरात मामी काहीतरी गुणगुणत होती. आम्ही दोघं ते ऐकत उभे राहिलो.

"मामा, घासायला मी सांगितलं होतं. आठवतंय ना?"

"आठवतंय."

"तेव्हा मी..."

"तू आठवीत होतीस," मामा म्हणाले. "मी पन्नाशी ओलांडलेला बाप्या होतो. आणि फडकं माझ्या हातात होतं." मग अगदी हळू आवाजात, "तिला एवढ्यात सांगू नकोस. रिपोर्ट येऊ दे. एखाद वेळेस नसेलही."

मी मान हलवली. नसेल असं मला वाटत नव्हतं. पण मलाही तो आठवडा हवा होता.

अशक्तपणासाठी म्हणून मामीचं रक्त दिलं. त्यानंतर मामांचा रोज सकाळी फोन यायचा. "आला का?" मी नाही म्हणायचे.  गुरुवारी म्हणाले, "आज तिने भांडं पाडलं." शनिवारी म्हणाले, "तिला जिन्यावर दम लागला. हा त्यातलाच प्रकार का?" रविवारी फोन आलाच नाही. पेटी न घासायची ती पहिली सकाळ त्यांनी कशी काढली असेल, हे विचारायची मला भीती वाटली. मीच फोन केला, तर मामी म्हणाली, "फळीसमोर खुर्ची टाकून बसलेत. बोलत नाहीत. तुम्हा दोघांचं काय चाललंय?"

मंगळवारी दुपारी मी लिफाफा घेऊन गेले. दार लोटलेलंच होतं. स्वयंपाकघरात पेटी उघडी होती. कुलपात तारेचा वाकवलेला तुकडा अडकलेला. मामांना स्वतःच्या घरात कुलूप उघडायला किती वेळ लागणार? ते टेबलाशी बसले होते आणि त्यांच्यापुढे चहाचा कप होता. काळा, दाट. समोर मामी उभी.

"बघ गं याला," ती मला म्हणाली. "जन्मात चहा प्यायला नाही, आणि आज स्वतः टाकून बसलाय. विचारलं तर उत्तर नाही." मामांना एकेरीत बोलताना मी तिला प्रथमच ऐकत होते. "आणि आता मला सांगा काय झालंय ते. हात माझा आहे. तुम्ही दोघं काय कुजबुजता?"

मी सांगितलं. पेटी, पूड, घासणं, आठवीतलं माझं वाक्य. लिफाफा फोडून रक्तातल्या शिशाचा आकडा वाचला. अडुसष्ट. पाचाच्या वर गेलं तरी डॉक्टर दखल घेतात, हेही सांगितलं, कारण ती विचारणारच होती.

मामी पेटीकडे बघत राहिली. आत चहा होता, आणि चहाच्या वर अस्तराची एक चमकती पट्टी.

"हात परत येईल?"

"औषध आहे. शिसं बाहेर काढतं ते. हात किती येईल, ते आत्ता कुणी सांगू शकत नाही."

मामांनी कप उचलला. तो तोंडाजवळ जायच्या आत मामीने वाकून दोन्ही हातांत धरला. उजव्या हाताची बोटं नुसती कपाला टेकलेली, सगळा भार डाव्यावर. मोरीपर्यंत जाताना अर्धा चहा फरशीवर सांडला. उरलेला तिने ओतून दिला.

"उगाच बरोबरी करू नका," ती पाठमोरी म्हणाली. "दोघांचे हात गेल्यावर जेवायला कोण वाढणार?"

मामांचे खांदे हलले. आवाज आला नाही.

मी चहा दोन पिशव्यांत बांधून घेतला, फरशी ओल्या फडक्याने पुसून फडकंही त्यातच टाकलं, आणि खिशातली किल्ली टेबलावर ठेवली. मामांनी तार काढली. पेटी बंद करून कुलूप लावलं. मग किल्ली घेऊन दुकानातून आणून खिडकीजवळ बसवलेल्या लोखंडी चिमट्यात आवळली, खाली कागद पसरला आणि कानस उचलली. हजारो किल्ल्यांना त्यांनी दात पाडले असतील. असलेले दात उडवताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. पितळेची पिवळी पूड कागदावर पडत होती. थोड्या वेळाने चिमट्यात एक गुळगुळीत दांडी उरली.

"झालं?" मामीने हात पुढे केला. "द्या इकडे."

"आता ती काही उघडत नाही."

"मला कुठे काय उघडायचंय? गळा रिकामा वाटतो."

तिने दोरा गळ्यामागे नेला. डाव्या हातात एक टोक, उजव्या हाताला दुसरं धरवेना. दोनदा प्रयत्न करून ती थांबली आणि मामांकडे पाठ करून स्टुलावर बसली.

मामा पुढे झाले आणि मध्येच थबकले. नळाशी गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. दहाही नखं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. परत जाऊन पुन्हा धुतले.

मग त्यांनी तिच्या मानेमागे गाठ मारली.