गावाची वीरपत्नी

पंधरा ऑगस्टची सकाळ. धोंडुबाईनं नेहमीसारखी म्हशीची धार काढली, चरवी आत नेऊन ठेवली. एकुलता एक लेक जयसिंग सीमेवर लढताना गेला, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून हात कामं करायचे आणि आत सगळं बधिर होतं. रडूही यायचं नाही.

थोड्या वेळानं शाळेची प्रभातफेरी दारात थांबणार होती. सून वर्षाराणी, वय वर्षं चोवीस, दरसाल उंबऱ्यावर जयसिंगचा फोटो धरून उभी राहायची, तीही पांढऱ्या साडीत. ही मानाची साडी गाव द्यायचं. खुद्द धोंडुबाईचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली, पण तिच्या अंगावर आजही निळं लुगडं होतं. जी रीत या घरानं कधी पाळली नाही, ती गावानं तिरंग्याआडून आणून बसवली होती. देशाचं नाव निघाल्यावर बोलणार कोण?

गेल्या महिन्यात पेठ वडगावहून वर्षाराणीला मागणी आली. आदर्श नावाचा मुलगा, डेअरीत नोकरीला, माणूस सरळ. वर्षाराणीनं खाली मान घालून होकार दिला होता. पण सरपंच बाळासोला वास लागला.

"मावशी, शहिदाची बायकू हाय ती. आता साऱ्या गावाची हाय. तिनं दुसरं लगीन केलं तर जिल्ह्यात आमी तोंड कसं दावायचं?"

धोंडुबाईलाही ते पटलं. लेकाचा मान जाईल, असं वाटलं. तिनंच नकार कळवला. वर्षाराणी तव्यावरची भाकरी उलटत राहिली.

फेरी आली. "अमर रहे!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मग बाळासोचं भाषण सुरू झालं, ते काही संपेना. ऊन चढलं. फोटोची चौकट वर्षाराणीच्या छातीवरून घसरायला लागली.

"ताई, जरा वर धरा की," बाळासो भाषण थांबवून म्हणाला. "पोरास्नी दिसंना झालंय."

त्या शब्दासरशी धोंडुबाईच्या आत काहीतरी हललं. ती पुढं झाली आणि तिनं सुनेच्या हातातली चौकट काढून घेतली.

"लेक माझा हाय. फोटू मी धरतो. तू आत जा, ही साडी सोड."

"मावशी, हे काय? देशाचा मान हाय हा!"

"माझा जयसिंग देशासाठनं गेला, त्याचा मला अभिमान हाय, बाळासो. पर त्यो गेला म्हणून हिनं बी जित्तेपणी मरायचं, असं देशानं कवा सांगितलं? तुमी सांगितलं. आन् मी ऐकलं." मग ती वळून म्हणाली, "वर्षा, वडगावला फोन लावायचा हाय आज. म्हणावं, म्हातारी चुकली."

"आत्ती..." एवढंच म्हणून वर्षाराणी आत गेली.

कुणी टाळी वाजवली नाही. बाळासोनं घसा खाकरून भाषण पुढं रेटलं. धोंडुबाई उंबऱ्यावर उभी राहिली. थोड्या वेळानं तिच्या मनगटांना कळ लागली, खांदे भरून आले. चौकट चांगलीच जड होती. सुनेला ती जड होते का, हे चार वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं.