शेठ, फोन स्पीकरवर आहे

पॅकहाऊसच्या फाटकाबाहेर, लिंबाच्या सावलीत, कामावरच्या बायका भाकऱ्यांची फडकी सोडून बसल्या होत्या आणि सकाळचे जेमतेम नऊ वाजले होते. यादवरावांनी मोटरसायकल लावली. आतले दिवे लागलेले होते, टेबलांवर द्राक्षांचे क्रेट रांगेत मांडलेले होते आणि हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी कंटेनर बंदराकडे निघायचा होता. रोजच्यासारखे ते मान खाली घालून आत गेले. आपण आत गेलो की मागून सगळ्या येतील असं त्यांना वाटलं होतं. पण कुणीच आलं नाही.

निफाडजवळच्या या पॅकहाऊसचे ते मॅनेजर. माणूस भला. कधी कुणावर ओरडले नाहीत, कुणाची मजुरी अडवली नाही, बायकांसाठी स्वच्छ संडास हवेत म्हणून शेठशी वर्षभर चिकाटीनं झगडले. पण समोर चार माणसं जमली की त्यांना बोलणं जमायचं नाही. म्हणून जे सांगायचं ते हॉलच्या दाराशी लावलेल्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचे. 'सर्वांनी टोपी घालावी.' 'नखे कापून यावे.' ज्यांना वाचता यायचं त्या बाकीच्यांना वाचून दाखवायच्या, आणि वाचताना पदरचं तिखटमीठ घालायच्या. शहरात इंदिरानगरातल्या त्यांच्या घरीही तीच तऱ्हा. बायकोसाठी आणि मुलीसाठी निरोप फ्रिजवर चिकटवलेले. कॉलेजात जाणारी तृप्ती त्याखाली लाल पेननं गुण देऊन ठेवायची, 'अक्षर छान, भावना कमी' अशा शेऱ्यासकट.

मागच्या आठवड्यात ट्रकमधून एक मोठं यंत्र आलं. निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं. मागच्या शेडमध्ये ते उतरवलं आणि परगावचे फिटर शटर ओढून काम करू लागले. मालक दिनेशशेठ म्हणाले होते, सीझन उरकू द्या, मग सांगू सगळ्यांना. यादवरावांना ते सोयीचंच वाटलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मागील शेडमध्ये प्रवेश बंद.'

तिथंच ठिणगी पडली. दुपारच्या चहापर्यंत बायकांच्या बोलण्यात ते यंत्र दहा जणींचं काम करणारं झालं, सुट्टी होईपर्यंत पन्नास जणींचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर ते घड तोडायला थेट बागेत जाणार असंही ठरलं.

आता यादवराव हातात मार्कर घेऊन हॉलच्या दारात उभे होते. फळ्यावर 'सर्वांनी' एवढं लिहून झालं आणि हात थांबला. फळा आत होता आणि वाचणाऱ्या बाहेर. मार्कर तसाच हातात धरून ते फाटकाशी आले.

अक्काबाई सगळ्यांच्या पुढे बसली होती. कात्रीनं खराब मणी काढून घड साफ करणाऱ्या बायकांमध्ये ती जुनी, आणि बोलायला कधी मागं न हटणारी. ती म्हणाली, "सायेब, आज लिहू नका. तोंडानं सांगा."

 "काही नाही," यादवराव म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका."

सावलीत हशा पिकला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. अक्काबाईनं समजावून सांगितलं. याआधी त्यातल्या बऱ्याच जणी दुसऱ्या एका पॅकहाऊसला कामाला होत्या. तिथल्या मॅनेजरनंही हेच शब्द वापरले होते आणि पुढच्या सोमवारी त्या गेल्या तर फाटकाला कुलूप.

"तवापासून कुणी काळजी करू नका म्हणलं," अक्काबाई म्हणाली, "की आम्हाला काळजी लागती."

 ऊन अंगावर येऊ लागलं तशी एक बाई सरकली आणि जागा झाली. इस्त्रीच्या पँटीचा विचार न करता यादवराव खाली बसले. कुणीतरी अर्धी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. घास चावेपर्यंत बोलावं लागत नाही, हे बरं होतं. आणि उभं राहून बोलण्यापेक्षा बसून, भाकरीकडे बघत बोलणं सोपं जातं, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर त्या दिवशी कळलं.

त्यांनी सावकाश सांगायला सुरुवात केली. यंत्र द्राक्षं भरलेल्या डब्यांचं वजन करतं आणि प्रतवारी लावतं. ते पुढच्या सीझनला सुरू होणार. यंदा शेवटचा कंटेनर भरेपर्यंत सगळ्यांना काम आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढच्या वर्षी किती माणसं लागतील ते ठाऊक नव्हतं.

"मी शेठना विचारलंच नाही," ते म्हणाले. "विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं."

 ऑफिसातल्या माणसानं 'मला माहीत नाही' म्हटलेलं त्यांच्यातल्या कुणीच आजवर ऐकलं नव्हतं. मग जरा बाजूला बसलेली कुसाबाई बोलली. ती वजनकाट्यावर बसायची, सगळ्यांत वयस्कर, आणि एरवी फार बोलत नसे.

"मंग आता विचारा की."

यादवरावांनी फोन लावला. पलीकडून आवाज आल्याबरोबर म्हणाले, "शेठ, आधीच सांगतो. फोन स्पीकरवर आहे आणि सगळ्या बाया ऐकतायत."

 दिनेशशेठनी कंटेनर भरला का म्हणून विचारलं. एकही डबी भरली नाही हे ऐकल्यावर म्हणाले की आधी स्पीकर बंद कर, मग बोलू. यादवरावांचा अंगठा सवयीनं बटणाकडे गेला. बायका तो अंगठा बघत होत्या.

"नको शेठ," ते म्हणाले. "मी एकट्यानं ऐकून यांना सांगायला गेलो की माझ्याकडून काहीतरी गाळलं जातं. तुम्हीच सांगा."

शेठ काही वाईट माणूस नव्हते. त्यांनाही कुणी असं समोर उभं केलं नव्हतं, इतकंच. त्यांचा सूर उतरला. ते म्हणाले, कात्रीनं घड साफ करणं यंत्राला जमत नाही. त्या सगळ्या बायका पुढच्या वर्षी हव्यात, उलट चार जास्तच लागतील. पण वजनकाट्यावरचं काम मात्र राहणार नाही. त्या बायकांनी कात्री धरली तर त्यांनाही काम आहे.

कुसाबाईकडे कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे बघितलं, त्यावरूनच तिला कळलं.

"माझा हात थरथर कापतो," ती म्हणाली. "काट्यावर चालतो. कात्रीवर नाय चालायचा."

बघू, काहीतरी करू, हे शब्द यादवरावांच्या ओठांवर आले होते. आयुष्यभर हेच ते म्हणत आले होते. त्यांनी ते गिळले.

"कुसाबाई, मी शब्द देत नाही. लेबल लावायचं काम तुमच्यासाठी मागून बघतो. मिळालं तर सांगेन. नाही मिळालं तरी मीच येऊन सांगेन."

कुसाबाई म्हणाली, "नाय मिळालं तरी सांगाल ना? मंग बास." आणि लुगडं झटकून सगळ्यांच्या आधी तीच उठली. कंटेनर थोडा उशिरा निघाला. ड्रायव्हर कुरकुरला, पण निघाला.

दुसऱ्या दिवसापासून यादवराव सकाळी हॉलच्या दारात उभे राहून बोलू लागले. पहिल्या दिवशी 'नमस्कार' म्हणून पुढचं सगळं विसरले. बायका हसल्या, मग तेही हसले. अक्काबाई मागून "मोठ्यानं" म्हणून ओरडायची. फळा बायकांनीच ताब्यात घेतला आणि त्यावर आ वासलेले यादवराव काढले. त्यांनी ते चित्र पुसू दिलं नाही, उलट फोटो काढून तृप्तीला पाठवला. तिनं पूर्ण गुण दिले.

हळूहळू तिकडूनही बोलणं येऊ लागलं. हातमोजे मोठे पडतात म्हणून घड सुटतात, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लहान मोजे आले. एकदा एका बागेचा माल आतून तडकलेला निघाला, तर पूर्वी बोलणी बसतील म्हणून गपचूप बाजूला सारणाऱ्या पोरींनी काम थांबवून त्यांना हाक मारली. यंत्रावरची ताडपत्री काढून फिटरनं ते सगळ्यांना चहूबाजूंनी दाखवलं. अक्काबाईनं यंत्रावर थाप मारली आणि हे तर पिठाच्या गिरणीवानी हाय, असा निकाल दिला.

लेबलचं काम मात्र निघालं नाही. लेबलही यंत्रच चिकटवणार होतं. ज्या दिवशी हे पक्कं कळलं, त्याच दिवशी दुपारी यादवराव कुसाबाईच्या टेबलाशी गेले आणि तिच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी ते सांगितलं. तिनं हातातली डबी काट्यावर ठेवली, आकडा बघितला, मग म्हणाली की मालेगावला लेक बोलावतीच आहे, यंदा जायचंच होतं. ते खरं होतं की नाही, यादवरावांना कळलं नाही. त्यांनी खोदून विचारलं नाही.

सीझनच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना गूळपापडी वाटली. बायकांना गावाकडे नेणारी जीप फाटकाशी लागली. एरवी पुढच्या खिडकीजवळच्या जागेवरून भांडणं व्हायची. त्या दिवशी सगळ्या मागं दाटीवाटीनं बसल्या आणि ती जागा रिकामी राहिली. कुसाबाई पदर सारखा करून तिथं बसली. यादवरावांनी दार लावलं, ते नीट बसलं नाही. त्यांनी पुन्हा उघडून जरा जोर लावून लावलं, आणि लागलं की नाही ते बाहेरून ओढून बघितलं.

"लागलं सायेब," ती आतून म्हणाली.

तरीही जीप हलेपर्यंत त्यांनी कडीवरचा हात काढला नाही.