निरोपाची पाटी

“काका, काहीतरी सुचवा. नाहीतर आपल्या दोघांपैकी एकाला घरी बसावं लागेल. आणि मी तर मालक आहे,” असं म्हणून धाकटे मालक स्वतःच हसले.

पाटीकाकाही हसले. जोड्यांच्या त्या दुकानात ते एकतीस वर्षं विक्रेते होते. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून माप घ्यायचं, बूट चढवून द्यायचा, अंगठ्याने टोक दाबून बघायचं, हे पगाराचं काम. दाराबाहेरच्या काळ्या पाटीवर रोज खडूने एक ओळ लिहायची, ही त्यांची हौस. ‘सासू चावली तर इलाज नाही. बूट चावला तर आत या.’ असलं काही वाचून लोक थांबत, हसत आणि कधीकधी आतही येत. थोरल्या मालकांना तर पाटी वाचल्याशिवाय चहा जात नसे. आता थोरले नव्हते. समोर बुटांचं चकचकीत दालन उघडलं होतं आणि इथे दिवसाला चार गिऱ्हाइकं आली तरी खूप झालं.

काकांनी खडू घेतला. “वस्तू काय, कुठेही मिळते हो,” ते म्हणाले. “पण निरोप द्यायचा म्हटलं की माणसं वाट वाकडी करून येतात.”

त्यांनी लिहिलं : ‘एकतीस वर्षं तुमच्या पायाशी बसलो. शनिवारी उठणार. त्याआधी एकदा माप घेऊ द्या.’

“अहो, तुम्ही सोडून चाललात?”

“छे! जाऊ कुठे? आठ दिवस गर्दी होईल. सोमवारी दुसरी पाटी : ‘उठलो होतो, पण करमेना.’ लोक हसतील आणि परत येतील.”

धाकट्यांनी पाटी दोनदा वाचली. “काका, तुम्ही तर सगळ्यांचे बाप निघालात!”

घरी बायको मात्र हसली नाही. “खोटा निरोप अंगाशी येतो,” ती म्हणाली.

“अगं, जाहिरात आहे ती.”

“जाहिरात त्यांच्या दुकानाची. माणूस माझा.”

आठवडाभर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेच्या मोठ्या बाई काठी टेकत आल्या, गरज नसताना बूट घेतले आणि काकांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “सुखी राहा.” एका टक्कल पडलेल्या गृहस्थांना काकांनीच चढवलेले लग्नातले बूट आठवले आणि त्यांनी डोळे पुसले. सांगून टाकावं, असं काकांना दोनतीनदा वाटलं. पण एकतीस वर्षांत त्यांच्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. शनिवारी धाकट्यांनी सगळ्यांसमोर घड्याळ दिलं, मिठी मारली, फोटो काढला. रात्रीपर्यंत तो फोटो गावभर फोनवर फिरला.

सोमवारी काका खडू घेऊन आले, तर त्यांच्या स्टुलावर एक नवी मुलगी बसली होती. धाकट्यांनी त्यांना हाताला धरून मागच्या गोदामात नेलं.

“काका, पुढे नका येऊ. माणसं रडलीत हो. तुम्ही दिसलात तर फसवलं म्हणतील. दुकानाची अब्रू जाईल.”

“पण ती दुसरी पाटी...”

“ती आता नाही चालायची. पहिलीच फार खरी वाटली लोकांना. तुमचीच कमाल.”

“म्हणजे मी...”

“निरोप तर झालाच ना तुमचा? एवढ्या थाटात कुणाचा होतो?”

काकांनी खडू खिशात टाकला.

ते समोरच्या दालनात काम विचारायला गेले. तिथला व्यवस्थापक खुर्चीवरून उठून उभा राहिला. “मी स्वतः आलो होतो की निरोपाला! आता या वयात तुम्हाला राबवलं तर लोक मला नावं ठेवतील. आराम करा.”

‘मी सांगत होते’ असं बायको एकदाही म्हणाली नाही. त्याचाच काकांना जास्त त्रास झाला.

चार महिन्यांनी ते त्या रस्त्याने गेले. काळी पाटी काढून टाकली होती. तिथे मोठा छापील फलक होता. त्यावर काकांचा फोटो होता, केस काळे केलेला, गाल गुलाबी केलेला. खाली लिहिलं होतं : ‘लाडक्या पाटीकाकांच्या आठवणीत. दोन जोड्यांवर तिसरा मोफत.’

ओळ चांगली होती. त्यांना आधी तेच जाणवलं.

शेजारी एक बाई येऊन वाचत उभी राहिली. डावं पाऊल उजव्यापेक्षा किंचित रुंद. काकांनी तिला लगेच ओळखलं. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. तिने मात्र इतकी वर्षं वरून फक्त त्यांचा भांग पाहिला होता.

“गेले वाटतं बिचारे,” ती म्हणाली. “भला माणूस होता. तुमच्या ओळखीचे होते?”

“थोडेफार.”

ती हळहळली आणि आत जायला वळली.

“जपून,” काका बाजूला होत म्हणाले, “पायरी उंच आहे.”