कडेच्या दोन ओळी

"टिटवे, खटक्यावर हात ठेव! कोपरा आला!" ट्रॅक्टरवरून आई ओरडली.

"ठेवलाय गं! ओरडून बी उगवत नसतं!"

पेरणी यंत्राच्या मागच्या फळीवर बसलेल्या पोरीला गाव टिटवी म्हणायचं, कारण तोंड क्षणभर बंद नाही. गावात एकदम सहा ओळी पेरणारं सहा फणांचं यंत्र यांचंच. प्रत्येक फणावर बियांचा डबा आणि डब्याला खटका. खटका पाडला की तेवढ्याच ओळीचं बी थांबतं. निमुळत्या कोपऱ्यात ओळीवर ओळ येऊ नये म्हणून टिटवी एकेक खटका पाडायची. टक, टक, टक! दहावीच्या गणितापेक्षा हे तिला पक्कं यायचं.

आज शेत होतं चुलत काकाचं. बांधाला बांध लागून. टिटवीचे वडील गेले आणि काकाच्या नांगराला बांध गोड लागायला लागला. दर वर्षी एक वीत. खणायचा इकडून, माती लोटायची तिकडं. चार वर्षांत चार विती. आईनं चार माणसं गोळा केली, तर काका हसला होता. "जुना बांध कसला? बांध आहे तिथंच आहे. वहिनी, ट्रॅक्टर चालवला म्हणजे जमीन कळत नाही." माणसंही हसली. आई चुलीपुढं बसून राहिली, पण चूल पेटवली नाही. ते टिटवीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

वडिलांनी तिला खांद्यावर बसवून दाखवलं होतं, "विहिरीचा कोपरा आणि तो विजेचा खांब. मधे नजर ताण. तो आपला बांध." काकाला माती हलवता आली, खांब थोडाच हलवता येतो!

शेवटचा फेरा बांधाकडेनं निघाला. काका लांब सावलीत पाय पसरून बसलेला. टिटवीनं एक डोळा मिटला. विहीर, खांब. रेषेपलीकडं बरोबर दोन फण येत होते. दीड-दीड फुटाच्या दोन ओळी, म्हणजे चार विती. गणित इतकं गोड कधी सुटलं नव्हतं.

टक. टक.

फण माती उकरत राहिले, मागची साखळी ती झाकत राहिली. वरून बघणाऱ्याला सगळं पेरलेलंच.

"काका, हे बघा, थोडं बी उरलं," तिनं पिशवी पुढं केली.

"उरलं? वा! पोरगी काटकसरी आहे!" काका खूश.

अकराव्या दिवशी कोंब वर आले. टिटवी गिरणीपुढं डबा घेऊन रांगेत उभी होती, तर काका चप्पल फटकारत आला.

"दोन ओळी कोऱ्या ठेवल्यास माझ्या! बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

"छे! मी बांधापर्यंत नीट पेरलंय."

"नाही पेरलंस!"

गिरणीच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून काकानं आवाज चढवला. गिरणीवाल्यानंही कान टवकारले आणि हळूच बटण बंद केलं.

"पेरलंय, काका. बांधापलीकडं कशाला पेरू?"

"अगं कार्टे, जुन्या बांधापर्यंतच पेरलंयस तू! त्याच्या पलीकडच्या दोन ओळी—"

रांगेतल्या माना वळल्या. काकाचं तोंड उघडंच.

गिरणीवाला पीठ झटकत पुढं आला. आईवर हसलेल्यांत तोही होता. "दादा, कुठला जुना बांध म्हणालात?"

"म्हणजे... तसं नाही..."

"चला की, बघूनच येऊ," रांगेतली म्हातारी म्हणाली आणि डबा तिथंच ठेवून निघालीसुद्धा.

हिरव्या शेताच्या कडेला पट्टा होता, उघडा, सरळ, पट्टीनं आखल्यासारखा. आईनं तो बघितला. मग लेकीकडं बघितलं. पदरानं तोंड दाबून हसली.

बांध काकानंच परत घातला, स्वतःच्या फावड्यानं, आणि बघायला सगळी रांग.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा बांधाकडेनं निघाला, आता आपल्या बाजूनं, परत मिळालेला पट्टा पेरायला. टिटवीनं चार खटके पाडले, दोन उघडे ठेवले.

"रेषा सोडू नकोस गं," आई म्हणाली.

"वीतभरही नाही!"

नव्या बांधावर काका कोपरापर्यंत मातीनं माखून उभा होता. टिटवीनं फळीवरून हात हलवला.

"काका! बी उरलं तर आणून देऊ का?"